गुळवेल सर्वांस मानवत नाही

शहापूर-मुरबाडच्या रानांत गुळवेल विपुल. शहापूरच्या कातकरी तरुणांनी वन धन योजनेतून तिचा मोठा व्यापार उभारला. व्यापारी घरांनाही कौतुक वाटावे असेच हे यश. मात्र घरातील सुनेस वा लेकीस ल्युपस असेल, तर गुळवेलीचा काढा तिला देऊ नये. बहुधा तरुण स्त्रियांस जडणाऱ्या या व्याधीत प्रतिकारशक्ती कमी झालेली नसते. ती स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडांवर उलटलेली असते. तिला आणखी चेतवून काय साधणार? गुळवेल घेतलेल्या ६ रुग्णांच्या यकृतास झालेली इजा मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, तरी ल्युपसच्या रुग्णाने जोखीम का पत्करावी? (अनंतकायांत तिची गणना होते, हे श्रावक जाणतातच.)

समन्वित उपचारांत प्राणायाम, सात्त्विक आहार, उन्हापासून जपणूक यांस स्थान आहेच; पण डॉक्टरांनी दिलेले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सुटू नये. चौविहार पाळणाऱ्यांनी ते सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासोबत घ्यावे. अठाईसाठी स्टेरॉइड एकाएकी थांबवणे मात्र प्राणांवर बेतू शकते. पच्चक्खाणापूर्वी डॉक्टरांस विचारावे आणि महाराजसाहेबांनाही आजार सांगावा.