दार उघडं राहिलं म्हणून…

परवा सेनगावच्या बाजारात भाजी घेत होते. दोघी तृतीयपंथी दुकानं मागत पुढं आल्या. टाळी वाजली तशी माझ्या शेजारची बाई पदर सावरून बाजूला सरकली. दुकानदारानं एक शब्द न बोलता गल्ल्यातली नोट काढून दिली. चार पोरं फिदीफिदी हसली. दोन मिनिटांत सगळं संपलं. आपल्यापैकी कुणालाही यात नवं काही वाटणार नाही.

पण त्याच संध्याकाळी ओळखीची एक आई घरी आली. चहा घेतला, पावसाचं बोलली, सोयाबीनच्या भावाचं बोलली. उठता उठता हळूच म्हणाली, "ताई, एक विचारू का? कुणाला सांगू नका." तिचं लेकरू सातवीत आहे. पोरांत खेळत नाही, मुलींत रमतं. घरी कुणी नसलं की बहिणीची ओढणी घेऊन नाचतं. शाळेत पोरं 'बायल्या' म्हणून चिडवतात. बाप दोनदा मारून बसला. सासू म्हणते देवऋषाकडं न्या, दीर म्हणतो लांबच्या वसतिगृहात टाका. "माझं लेकरू त्यांच्यातलं तर नसल ना हो ताई?" एवढं बोलून तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

मैत्रिणींनो, माझ्याकडं तयार उत्तर नव्हतं. कपाटातलं एक पुस्तक मात्र मी तिच्या हातात दिलं. आज त्याच पुस्तकाबद्दल, आणि ते जिचं आहे तिच्याबद्दल बोलायचं आहे.

पुस्तकाचं नाव 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं हे आत्मकथन 2012 साली मनोविकास प्रकाशनानं काढलं. शब्दांकन वैशाली रोडे यांचं. नाव वाचूनच काही जणींनी नाक मुरडलं असेल. जो शब्द आपण शिवी म्हणून ऐकत आलो, तोच तिनं स्वतःच्या नावाआधी लावला. यात मला तिचं धाडस दिसतं. जी शिवी आपणच उघड स्वीकारली, तिनं आपल्याला दुसरं कोण कसं घाबरवणार?

लक्ष्मी ठाण्यात वाढली. घर उत्तर प्रदेशातून आलेल्या ब्राह्मण कुटुंबाचं, सोवळं-ओवळं पाळणारं. त्या घरातला हा थोरला मुलगा. लहानपणी दम्यानं सारखा आजारी, नाचाची मात्र भारी आवड. चालणं-बोलणं मुलीसारखं, म्हणून सगळीकडं चेष्टा. त्यातच कोवळ्या वयात ओळखीच्याच माणसांकडून लैंगिक अत्याचार झाले. पुस्तकात हे तिनं लपवलेलं नाही. वाचताना अंगावर काटा येतो. आपण मुलींना जपतो, पण मुलग्यालाही असा धोका असतो हे किती घरांत लक्षात घेतलं जातं? आणि ज्याला जग आधीच हसतं, ते पोर तक्रार तरी कुणाकडं करणार?

तरीही हे मूल शाळेतून सुटलं नाही. पुढं मुंबईच्या मिठीबाई कॉलेजात शिकलं, भरतनाट्यम शिकलं, नाचाचे क्लास घेऊ लागलं. डान्सबारमध्येही नाचलं. 1998 च्या सुमारास लक्ष्मीनं गुरू करून हिजडा समाजाची रीतसर दीक्षा घेतली. घरच्यांना कळलं तेव्हा मोठा धक्का बसला. पण आईवडिलांनी तिला घराबाहेर काढलं नाही. एरवी रीत अशी की, त्या समाजात गेलेल्यानं गुरूच्या डेऱ्यात राहायचं आणि जन्मघराशी नातं जवळजवळ तुटायचं. लक्ष्मीचं ते तुटलं नाही. माझ्या मते तिच्या साऱ्या वाटचालीचं मूळ इथं आहे.

पुढचं बरंच काही आपल्याला टीव्हीमुळं ठाऊक आहे. 2007 मध्ये तिनं 'अस्तित्व' ही संस्था काढली. 2008 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीत ती आशिया-पॅसिफिक भागाची प्रतिनिधी म्हणून गेली. 2011 मध्ये 'बिग बॉस'च्या घरात दिसली. तिचं आत्मकथन 2015 मध्ये इंग्रजीत गेलं. किन्नर आखाडा निघाला आणि ती त्याची आचार्य महामंडलेश्वर झाली. तिची सगळीच मतं सगळ्या तृतीयपंथीयांना पटतात असं मात्र नाही. 2018 साली राममंदिराबाबत तिनं घेतलेल्या भूमिकेवर त्यांच्यातल्याच अनेकांनी जाहीर टीका केली. ते बरंच झालं. सगळ्या बायका जशा एका मताच्या नसतात, तशाच याही नसतात.

आता काही जणी म्हणतील, शब्दांकन दुसरीनं केलं, मग ही लेखिका कशी? आपल्या बहिणाबाईंना तरी कुठं लिहिता येत होतं? जात्यावर, शेतात त्यांनी ओव्या रचल्या. मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या कागदावर उतरवल्या, आणि 1952 साली पुस्तक निघालं. म्हणून बहिणाबाई कवयित्री नव्हेत असं कोण म्हणेल? आपल्या आयुष्याची गोष्ट आपल्या तोंडानं सांगणं, हेच तर पहिलं पाऊल.

याआधी मराठीत या जगाबद्दल लिहिलं गेलं नव्हतं असं नाही. देवाला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचं दुःख राजन गवस यांनी 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांत मांडलं. त्यांच्याच आधारानं निघालेला 'जोगवा' सिनेमा 2009 मध्ये तुम्ही पाहिलाही असेल. पण तिथं सांगणारा दुसरा होता, कितीही कळवळ्याचा असला तरी. आता त्या स्वतः सांगू लागल्या. श्रीरामपूरची दिशा पिंकी शेख कविता लिहिते, सभेत उभी राहून बोलते. 2019 मध्ये ती एका राजकीय पक्षाची प्रवक्ताही झाली.

स्वतः सांगण्यानं काय होतं? 2014 चं उदाहरण घ्या. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. त्या खटल्यात लक्ष्मीही उभी राहिली. 15 एप्रिल 2014 ला निकाल आला. तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता मिळाली, आणि आपण कोण हे ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याला आहे असं कोर्टानं म्हटलं. त्या निकालपत्रात लक्ष्मीची कहाणी थोडक्यात नोंदवलेली आहे. ज्या पोराच्या चालण्याला गल्ली हसली, त्याचं लहानपण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या कागदावर गेलं.

आता दुसरी बाजू. 2011 च्या जनगणनेत स्त्री-पुरुषांखेरीज 'इतर' असा रकाना पहिल्यांदाच होता. त्यात देशभरात सुमारे 4 लाख 88 हजार जणांची नोंद झाली. महाराष्ट्रात जवळपास 41 हजार. खरी संख्या याहून जास्त असणार, कारण घरोघरी मोजणारा आला तेव्हा खरं सांगायची हिंमत किती जणांना झाली असेल? याच लोकांत साक्षरता होती 56 टक्के. देशाची होती 74. हा फरक कशानं पडला? शाळेत चिडवलं, मारलं, म्हणून पोर घरी बसलं. घरीही मार, म्हणून एक दिवस निघून गेलं. शिक्षण नाही, तर काम कोण देणार? मग उरते ती टाळी. बाजारात आपण जिच्यापासून पदर सावरतो, तिचा रस्ता बहुतेक वेळा अशाच एखाद्या घरातून निघालेला असतो.

कायद्यानं यावर काही तरतूद केली. 2019 साली झालेल्या कायद्यात तृतीयपंथी माणसाला घरातून किंवा गावातून हुसकावून लावणं गुन्हा ठरवलं गेलं, त्याला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. केवळ तृतीयपंथी आहे म्हणून लेकराला आईबापापासून तोडता येणार नाही, असंही त्यात लिहिलं. 2022 च्या डिसेंबरात मुंबई हायकोर्टानं राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांसाठी रकाना ठेवायला लावला. सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळ गावानं तर 2017 मध्येच ज्ञानदेव कांबळे या तृतीयपंथीयाला थेट सरपंच म्हणून निवडून दिलं. तेही आपल्यासारखंच खेडं आहे, मुंबई-पुणं नाही!

पण कायदा आपल्या उंबऱ्याच्या आत रोज येऊन बसत नाही. तिथं आई असते, आजी असते, काकू असते. म्हणून त्या रात्री त्या आईला जे बोलले, ते तुम्हालाही सांगते.

ओढणी घेऊन नाचणारं प्रत्येक पोर तृतीयपंथीच असतं असं नाही. कुणाला नुसती नाचाची आवड असते, कुणी स्वभावानंच मऊ असतं. ते काय आहे हे त्यालाच मोठेपणी कळेल. आज त्याच्या कपाळावर शिक्का मारायची घाई नको. आणि निघालंच तसं, तर तो रोग नाही, कुणाचा शाप नाही, तुमच्या संस्कारांतली चूकही नाही. मारून ते बदलत नाही. देवऋषी, अंगारे-धुपारे यांत पैसा जातो आणि लेकराच्या मनात कायमची भीती बसते.

आणखी एक. "लग्न लावून दिलं की सुधरल" हा आपल्याकडचा ठरलेला उपाय. त्यात एका मुलीचाही बळी जातो, हे आपण बायकांनी तरी विसरू नये. मन मारून बोहल्यावर उभा राहिलेला तो, आणि आपलं काय चुकलं म्हणत आयुष्यभर कुढणारी ती. 'वांझ' हा ठपकाही शेवटी तिच्याच वाट्याला येतो.

करायचं ते साधं आहे. शाळा सुटू देऊ नका. कोण चिडवतं, कोण नको तिथं हात लावतं, हे विश्वासात घेऊन विचारा. बापाचा हात उठला तर मध्ये उभ्या राहा. फारच कोंडी वाटली तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञांना विचारा. तेही लेकराला 'बरं' करायला नव्हे, त्याचं आणि तुमचं मन हलकं करायला. लोक काय म्हणतील? म्हणतील थोडे दिवस. लक्ष्मीच्या आईवडिलांनाही म्हणालेच असतील.

ती आई पुस्तक पदराखाली झाकून घेऊन गेली. आठ दिवसांनी रस्त्यात भेटली. म्हणाली, "ताई, अर्धं वाचलं. रडू आलं. उद्या शाळेत जाऊन सरांना भेटणार हाय, पोरं चिडवतेत म्हणून." सासूचं काय, असं मी विचारलं. तर म्हणाली, "त्यांना रात्री मीच वाचून दाखवायले."