गाडी ‘लागते’ की गाडीच बाधते?

शाळेच्या व्हॅनमधून उतरलेले मूल डोके दुखते, मळमळते असे सांगू लागले, की घरोघरी एकच निदान ठरलेले असते : ‘याला गाडी लागते.’ मग लिंबू हुंगायला दिले जाते, आवळासुपारी खिशात पडते आणि प्रश्न मिटला असे सर्वजण धरून चालतात. घाटातल्या वळणांवर हे निदान बहुधा खरेही असते. परंतु शहराच्या सपाट रस्त्यावर, रोज त्याच गाडीत हा त्रास होत असेल आणि मोकळ्या हवेत येताच उतरत असेल, तर दोष मुलाच्या प्रकृतीचा की गाडीच्या, हे तपासणे अगत्याचे ठरते. ‘आत जरा धुराचा वास येतो, एवढेच,’ हे चालकाचे उत्तर त्या शंकेला बळकटीच देते.

नाकाला जाणवतो तो वास अर्धवट जळलेल्या इंधनाचा. त्याच्या सोबतीने येणारा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळतच नाही. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो. तो प्राणवायूची जागाच बळकावतो, हे फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखवून दिले होते. डोकेदुखी, मळमळ, भोवळ, गुंगी ही त्याची पहिली लक्षणे नेमकी गाडी लागण्यासारखीच असतात. मुलाला गुंगी आली तर ते झोपले असे वाटते. चालकाला आली तर सर्वांचेच प्राण पणाला लागतात.

हा धूर आत शिरतो कसा? इंजिनाला जोडलेल्या मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले, नळीचा सांधा सैल झाला किंवा सायलेन्सर गंजून त्याला भोके पडली, की धूर शेवटच्या टोकापर्यंत न जाता वाटेतच निसटतो. बॉनेटखाली निसटलेला धूर काचेच्या तळाशी असलेल्या हवेच्या झडपेतून आत ओढला जातो. गाडीखाली निसटलेला तळपत्र्याच्या भोकांतून वर येतो. पुढल्या आसनाखाली इंजिन असलेल्या व्हॅनमध्ये तर झाकणाचे रबर सैल असले की पुरे. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो. त्यामुळे डिकीचे रबर झिजलेले असल्यास स्वतःच सोडलेला धूर गाडी पुन्हा पोटात घेते.

निदानाला मोठी यंत्रसामग्री लागते असे नाही. उभ्या गाडीत वास येत असेल तर संशय पुढे धरावा. वेगात येत असेल तर मागे. थंड इंजिन सुरू करताच टक्‌टक्‌ आवाज येऊन तो गरम झाल्यावर कमी होत असेल, तर मॅनिफोल्डचा सांधा पाहावा. गळतीच्या जागी बहुधा काजळीचा काळा डाग असतो. डिकी बंद करताना कागदाची पट्टी अडकवावी. ती अलगद ओढून निघाली तर रबर बदलण्याची वेळ झाली. दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या काचा उघड्या ठेवाव्यात, डिकी घट्ट लावावी आणि मुलांना त्या गाडीत बसवू नये, हे उत्तम. सुवासिक डबी टांगणे हा मात्र उपाय नव्हे. तो इशारा दाबून टाकण्याचा प्रकार आहे.

येथे कोणी म्हणेल, गाडीजवळ पीयूसी प्रमाणपत्र आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये होणारी ही तपासणी आवश्यकच आहे. पण तिची नळी सायलेन्सरच्या टोकात घातली जाते. बाहेरच्या हवेत काय जाते ते ती मोजते. आत बसलेल्यांच्या छातीत काय जाते ते नव्हे. वाटेत गळणारा धूर त्या नोंदीत येतच नाही.

व्हॅनचालकाची मिळकत बेताची असते आणि पालकही भाड्यात घासाघीस करतात, ही अडचण खोटी नाही. म्हणूनच हा भार एकट्या चालकावर टाकून चालणार नाही. महाराष्ट्रात शालेय बसविषयक २०११ च्या नियमांनी प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समितीची तरतूद केली आहे. या समितीने दर सत्राच्या आरंभी जाणत्या मेकॅनिककडून प्रत्येक गाडीचे सांधे, तळपत्रा आणि रबरे पाहून घ्यावीत. किरकोळ दुरुस्तीचा खर्च पालकांनी वाटून घ्यावा. शिक्षकांनीही एकाच गाडीतली मुले वारंवार डोके धरून वर्गात येत असतील, तर त्याची नोंद ठेवावी. एका मुलाला गाडी लागणे ही प्रकृती असू शकते. पाच मुलांना एकच गाडी लागत असेल, तर औषध मुलांना नव्हे, गाडीला हवे.