दोन सूत्रधार

दिवाळीच्या अंकासाठी या सदरात काहीतरी खुसखुशीत यावे, अशी वाचकांची अपेक्षा असते. चकलीची बिघडलेली भाजणी किंवा न सांगता आलेले पाहुणे यांची कथा सांगितली, की दोन पाने सुखाने भरतात. यंदा मात्र मी संगणकाचे एक दुखणे घेऊन आलो आहे. कृपया नाक मुरडू नये. पूर्वी घरोघरी शिवणयंत्र असे, तसा आता संगणक असतो. आणि तो जुना होऊन रखडू लागला, की "विंडोज काढा आणि लिनक्स टाका" असे सांगणारा एखादा पुतण्या वा भाची प्रत्येक घराण्यात निपजलेली असते. सल्ला वाईट नसतो. लिनक्स फुकट मिळते, जुन्या यंत्रालाही मानवते आणि वर्षानुवर्षे बिनतक्रार चालते. पण एखाद्या सकाळी कळ दाबावी आणि काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ उमटून सारे ठप्प व्हावे, असा प्रसंगही कधीतरी येतो. त्या प्रसंगाविषयी बोलायचे आहे. कारण अशा वेळी घरात जो उपाय योजला जातो, तो बहुधा दुखण्यापेक्षा भयंकर असतो.

यंत्र सुरू करण्याला 'बूट करणे' म्हणतात. वर्गातल्या एका विद्यार्थ्याने या शब्दाचा संबंध लाथ मारण्याशी लावला होता, आणि काही यंत्रांचा स्वभाव पाहता ते अगदीच निराधार वाटत नाही. मूळ कल्पना मात्र उंच बुटाला मागे शिवलेल्या पट्टीची आहे. ती पट्टी धरून स्वतःच स्वतःला वर उचलायचे! आपल्याकडे एखाद्याने स्वतःची शेंडी धरून स्वतःला विहिरीतून बाहेर काढावे, त्यातलाच हा प्रकार. संगणकापुढचा पेच नेमका असाच आहे. डिस्कवरचे वाचायला आज्ञावली हवी, आणि आज्ञावली तर डिस्कवरच पडलेली. हा पेच सोडवणारी जी चिमुकली आज्ञावली, तिला बूटलोडर म्हणतात.

मला बूटलोडर म्हटले की जुन्या संगीत नाटकातला सूत्रधार डोळ्यांपुढे येतो. नाट्यगृहाचे दार उघडले गेले आहे, प्रेक्षक बसले आहेत, नायक आत तोंडाला रंग लावून तयार आहे. पण सूत्रधार आल्याशिवाय, नांदी झाल्याशिवाय नाटक सुरू व्हायचे नाही. तो येतो, आज कोणते नाटक आहे ते सांगतो, नायकाला हाक मारतो आणि विंगेत नाहीसा होतो. पुढचे चार तास त्याची कोणाला आठवणही होत नाही. इथे नायक म्हणजे लिनक्सचा 'कर्नल'. हा लष्करातला नव्हे. इथे कर्नल म्हणजे गाभा. एकदा तो रंगभूमीवर आला की बूटलोडरचे काम संपले. म्हणूनच चालू यंत्रातून बूटलोडर पार काढून टाकला, तरी संध्याकाळपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. खेळ रंगात असतो. दुसऱ्या दिवशी कळ दाबली, की मग नांदी म्हणायला कोणी नाही!

जुन्या पद्धतीच्या यंत्रात, म्हणजे 'बायॉस' नावाच्या व्यवस्थेत, या सूत्रधाराला उभे राहायला जागा मोठी मजेशीर. डिस्कचा अगदी पहिला खण ५१२ बाइटांचा. त्यातले ६४ बाइट डिस्कच्या वाटण्यांच्या नोंदीला जातात, २ बाइट शिक्क्याला; उरले ४४६. आजच्या रूढ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला ३ बाइट लागतात. म्हणजे एवढ्या जागेत दीडशे चिन्हेही मावायची नाहीत. एखादी ओवी फार तर. म्हणून तो तिथे नुसते पाऊल टेकतो आणि बाकीचा पसारा मागच्या मोकळ्या पट्टीत व 'बूट' नावाच्या कप्प्यात मांडतो. नव्या 'यूईएफआय' व्यवस्थेत ही ओढाताण नाही. तिथे डिस्कवर एक स्वतंत्र लहान वाटणी राखलेली असते आणि बूटलोडर तीत साध्या फाइलीच्या रूपाने राहतो. दोन व्यवस्था, दोन दारे. आणि एका दाराने येणाऱ्याला दुसऱ्या दाराने आत येता येत नाही.

लिनक्सवर सर्वांत रुळलेला बूटलोडर म्हणजे ग्रब. एरिक बोलेन यांनी १९९५ साली तो लिहायला घेतला, तोही लिनक्ससाठी नव्हे, तर ग्नूच्या 'हर्ड' या दुसऱ्याच प्रणालीसाठी. नाव ठेवले 'ग्रँड युनिफाइड बूटलोडर', म्हणजे सर्वांना एका छत्राखाली आणणारा. आज त्याच्याच दोन रूपांचे एकमेकांशी जमत नाही. बारशाच्या नावाप्रमाणे मुले निघत नाहीत, ही तक्रार आपल्यालाही नवी नाही.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियन या लिनक्समध्ये प्रत्येक आज्ञावली एका पॅकेजात बांधून येते. पॅकेज म्हणजे पुडके, आणि प्रत्येक पुडक्यावर एक चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर नातीगोती लिहिलेली असतात: हे कोणावर अवलंबून आहे, कोणाची शिफारस करते, कोणाच्या जागी उभे राहू शकते, आणि कोणाशी याचे हाडवैर आहे. लग्नाळू मुलाचे टिपणही इतके प्रामाणिक नसते! बायॉसच्या दारासाठी 'ग्रब-पीसी' आणि यूईएफआयच्या दारासाठी 'ग्रब-ईएफआय-एएमडी६४' अशी दोन पॅकेजे आहेत, आणि दोघांच्या चिठ्ठ्यांवर परस्परविरोध स्वच्छ नोंदवलेला आहे. एक आणायला गेलात, की यंत्र सांगते, 'मग दुसरे काढले जाईल', आणि होय-नाही विचारते. याला सर्रास पॅकेजांचे भांडण म्हटले जाते. मला ते पटत नाही. भांडण होऊ नये म्हणून कोणा शहाण्या माणसाने आधीच करून ठेवलेली ती वाटणी आहे. एक म्यान, दोन तलवारी, हे त्याला ठाऊक होते. गंमत अशी, की दोघांचे सामान, म्हणजे नावाच्या शेवटी 'बिन' असलेली पॅकेजे, एकाच यंत्रात सुखाने नांदते. मज्जाव आहे तो दोघांनी एकाच वेळी घराचे मुखत्यार होण्याला.

गेल्या वर्षी वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी भाचीचा फोन आला. "मामा, पॅकेज कॉन्फ्लिक्ट येतोय. काही केल्या सुटत नाही. आणि बाबा म्हणताहेत, फॉरमॅट मारून टाकू." मागून दाजींचा आवाज येत होता, "दुकानदारानं सांगितलंय, अर्ध्या तासात नवं करून देतो!"

फॉरमॅट हा आपल्या शहरांतल्या दुकानांचा रामबाण आहे. दाढ दुखली तर डोके उतरवून ठेवावे, त्या तोलाचा. भाचीचा पीएचडीचा प्रबंध त्या डिस्कवर होता, सादर करायला तीन आठवडे उरले होते, आणि दुसरी प्रत दोन महिन्यांपूर्वीची. "काही करू नका, मी येतो," एवढेच सांगितले.

तिने काय केले होते ते ऐकून मला कौतुकच वाटले. सकाळी पडद्यावर ओळ आली, सुरू करण्याजोगी डिस्क सापडत नाही. तिने पेनड्राइव्हवर डेबियन घेतले, त्यावरून यंत्र चालू केले आणि मागच्या दाराने आपल्या डिस्कवरच्या घरात शिरली. मग तिने रीतसर चौकशी केली: हे यंत्र कोणत्या व्यवस्थेने चालते? त्याची एक प्रसिद्ध खूण आहे. 'सिस'मधल्या 'फर्मवेअर' या कप्प्यात 'ईएफआय' नावाचा कप्पा दिसला, तर यंत्र यूईएफआयने सुरू झाले आहे. कप्पा होता. म्हणून तिने ग्रब-ईएफआय मागवले. यंत्र म्हणाले, ग्रब-पीसी जाईल. ती होय म्हणाली. पुढे बूटलोडर बसवायला गेली, तर उत्तर आले की ईएफआयचा कप्पा सापडत नाही. पुन्हा ग्रब-पीसी आणावे, तर ग्रब-ईएफआय निघते. दुपारभर हा पाठशिवणीचा खेळ चालला होता. एकीला पाट मांडला की दुसरी ताटावरून उठते.

आता यातला पेच पाहा. साक्षीदार खोटे बोलत नव्हता, पण तो दुसऱ्याच प्रसंगाचा होता. ती खूण सांगत होती की *पेनड्राइव्ह* यूईएफआयच्या दाराने आत आला आहे. डिस्कवरचे डेबियन कोणत्या दाराचे, हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. त्यासाठी डिस्कलाच विचारायला हवे. आम्ही विचारले. वाटण्यांची नोंद जुन्या 'डॉस' पद्धतीची निघाली. ईएफआयची राखीव वाटणी नाही. कोणती वाटणी कुठे जोडायची ते सांगणाऱ्या 'एफएसटॅब' फाइलीत तिचा उल्लेखही नाही. शिवाय सकाळपर्यंत तिथे ग्रब-पीसीच होते. चारही साक्षी एकमुखाने बायॉस म्हणत होत्या. मग कालपर्यंत चाललेले यंत्र आज यूईएफआयचे दार का ठोठावत होते?

"दाजी, दोन दिवसांत यंत्राला कोणी हात लावला होता का?"

"छे! फक्त घड्याळ मागे पडायचं. रोज सुरू केलं की जुनीच तारीख. म्हणून काल दुकानातल्या पोराकडून आतला सेल बदलून घेतला."

सगळे रहस्य त्या नाण्याएवढ्या सेलात होते. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. आणि पुष्कळ यंत्रांत अगदी पहिल्या मांडणीची आठवणही त्याच्याच जिवावर टिकते. तो काढला, आठवण गेली, यंत्र कारखान्यातल्या मूळ मांडणीवर परतले. आणि ती मांडणी होती यूईएफआयची. पॅकेजे बिचारी सकाळपासून खरे तेच सांगत होती.

प्रथम प्रबंध दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतला. हे काम सकाळीच होण्यासारखे होते. कारण सूत्रधार रुसला म्हणून कपड्यांचे पेटारे जळत नाहीत. फाइली जिथल्या तिथे असतात. मग यंत्र सुरू होताना मांडणीच्या पडद्यावर जाऊन यूईएफआयच्या जागी जुनी पद्धत निवडली आणि कळ दाबली. ग्रबचा निळसर पडदा लगेच समोर! दाजींना चमत्कार वाटला, पण कारण साधे आहे. ग्रब-पीसी हे पॅकेज काढले, तरी डिस्कच्या पहिल्या खणात बसलेले त्याचे पाऊल पुसले जात नाही. 'पर्ज' करून समूळ काढू लागलात, तर 'बूट'मधला पसाराही टाकायचा का, असे ते वेगळे विचारते. तिने नुसते काढले होते, म्हणून सारे शाबूत होते. चालू यंत्रात ग्रब-पीसी पुन्हा आणले, ग्रब-ईएफआय आपणहून गेले, आणि बहिणीने करंज्यांची ताटली पुढे केली.

होय म्हणण्याची घाई हा मात्र सार्वत्रिक रोग आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडातले प्रसिद्ध यूट्यूबकार लायनस सेबॅस्टियन यांनी पॉप ओएस या लिनक्सवर खेळांसाठीचे 'स्टीम' बसवायला घेतले. पॅकेजांच्या विरोधामुळे यंत्राने बजावले, की याने आवश्यक पॅकेजे जातील; आणि खात्री असेल तर 'होय, मी सांगतो तसेच कर' या अर्थाचे अख्खे इंग्रजी वाक्य टंकायला लावले. त्यांनी ते टंकले. पडद्यावरच्या खिडक्या, चित्रे, सारा मांडव उठला, आणि ते जगाने पाहिले. प्रश्न विचारणाऱ्याने यापरते काय करावे?

उलट बाजूही सांगायला हवी. कधी कधी घरच्या माणसाची काहीच चूक नसते. ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्सवर ग्रबची नवी आवृत्ती आली. पॅकेज बदलले, पण डिस्कवरचा बूटलोडर पुन्हा बसवला गेला नाही; नव्या मांडणीतली भाषा जुन्या सूत्रधाराला कळेना, आणि अनेकांची यंत्रे दारातच अडली. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या सुधारणेतून जुन्या बूटलोडरांना बंदी घालणारी यादी पाठवली. दोन्ही प्रणाली एकत्र नांदवणाऱ्या कित्येक घरांत त्यानंतर लिनक्स उघडेना. पडद्यावर 'काहीतरी गंभीर बिघडले आहे' अशा अर्थाचा इंग्रजी संदेश. इतका खरा आणि इतका निरुपयोगी संदेश मी क्वचितच वाचला आहे.

बायॉसवाल्यांना सगळ्यांत जवळची गोष्ट मात्र जुलै २०२० ची. ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाचे सुरक्षेचे भगदाड सापडले आणि सर्वांनी घाईने दुरुस्त्या पाठवल्या. डेबियनवरच्या काही यंत्रांत दुरुस्तीनंतर 'ग्रब-कॅलॉक' नावाचे काहीतरी सापडत नाही, अशी ओळ येऊन सारे थांबले. ग्रब-पीसी बसताना एकदाच विचारते, 'कोणत्या डिस्कवर पाऊल ठेवू?' आणि ते उत्तर कायमचे लक्षात ठेवते. मधल्या काळात डिस्क बदलली, तर नवा पसारा 'बूट'मध्ये येतो, पण पहिल्या खणापाशी जुनेच पाऊल राहते, आणि दोघांची गाठ पडत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी भाचीकडून तो प्रश्न पुन्हा विचारून घेतला. 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर' या आज्ञेपुढे ग्रब-पीसीचे नाव लिहिले, की तो समोर येतो. उत्तरात डिस्कची वाटणी नव्हे, अख्खी डिस्क निवडायची. तिने निवडली. यंदा दाजी जुनी डिस्क काढून एसएसडी बसवणार आहेत. त्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारावा लागेल, हे तिने वहीत लिहून ठेवले आहे.