अज्ञान म्हणजे निरपेक्षता नव्हे

शाळा आणि धर्म हे दोन शब्द एका वाक्यात आले की आपल्याकडील पुरोगामी म्हणवणाऱ्या एका वर्गाला कापरे भरते. ‘शिक्षणाचे भगवेकरण’ ही ठरलेली आरोळी उठते आणि चर्चा सुरू होण्याआधीच संपते. केंद्रीय विद्यालयांत सकाळी म्हटल्या जाणाऱ्या संस्कृत प्रार्थनेचेच उदाहरण घ्या. बृहदारण्यक उपनिषदातील ही प्रार्थना सत्य, प्रकाश आणि अमरत्व यांची याचना करते. तीत कोणत्या देवतेचे नाव नाही, कोणत्या पंथाची दीक्षा नाही. तरीही तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि जानेवारी २०१९ मध्ये द्विसदस्य खंडपीठाने हा प्रश्न घटनापीठापुढे जावा असे म्हटले. ज्या राष्ट्राचे बोधवाक्य मुंडक उपनिषदातून आले आहे आणि ज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बोधचिन्हावरील वचन महाभारतातले आहे, त्या राष्ट्रात हे घडले!

सामूहिक प्रार्थनेचा प्रश्न न्यायालयाच्या पद्धतीने सुटेल. परंतु त्याच्या आडून अधिक गंभीर गोष्ट गेली कित्येक दशके घडत आली आहे. धर्माची नुसती ओळखही शाळेत होऊ नये, मुलाने या विषयात कोरेच राहावे, हाच जणू राज्यघटनेचा आदेश आहे असे आपल्याला पढवले गेले. हा आदेश घटनेत कोठे आहे?

घटनेचा अनुच्छेद २८ काय सांगतो ते पाहू. संपूर्णपणे शासनाच्या निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण दिले जाणार नाही, असे त्याचे पहिले कलम म्हणते. या ‘धार्मिक शिक्षणा’चा अर्थ काय, याचा खल घटना समितीतच झाला होता. ७ डिसेंबर १९४८ रोजी हा अनुच्छेद चर्चेला आला, तेव्हा पंडित लक्ष्मीकांत मैत्र यांनी विचारले की, शासकीय संस्कृत महाविद्यालयांत वेद, स्मृती, गीता, उपनिषदे शिकवली जातात, तीही यामुळे बंद होणार काय? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेले उत्तर निःसंदिग्ध होते. विशिष्ट मताची शिकवण देणे, अमुक एका सिद्धांतावर श्रद्धा ठेवा असे सांगणे, याला धार्मिक शिक्षण म्हणतात. अध्ययन ही त्याहून अगदी वेगळी गोष्ट आहे, असा भेद त्यांनी केला. मराठीत आपण दोन्ही गोष्टींना सरसकट ‘धार्मिक शिक्षण’ म्हणतो आणि घोटाळा तिथेच होतो. घटनेने मनाई केली ती धर्मोपदेशाला. धर्माध्ययनाला तिने कधीच मनाई केलेली नाही. ऊठसूट बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्यांना त्यांचे हे उत्तर कसे आठवत नाही?

स्वतंत्र भारताच्या शिक्षण आयोगांनीही हाच मार्ग सांगितला. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) दिवसाची सुरुवात काही क्षणांच्या मौन चिंतनाने व्हावी, पहिल्या वर्षी धर्मसंस्थापकांची व संतांची चरित्रे आणि दुसऱ्या वर्षी जगातील धर्मग्रंथांतील निवडक भाग शिकवावा, अशी शिफारस केली. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) एखाद्या धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांतील फरक स्पष्ट करून दुसऱ्याचा पुरस्कार केला. पुढे संसदेच्या मनुष्यबळ विकास विषयक स्थायी समितीने १९९९ मध्ये सत्य, सदाचार, शांती, प्रेम आणि अहिंसा ही पाच मूल्ये शिक्षणाचा पाया मानली आणि सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख विद्यार्थ्यांना व्हावी असे म्हटले. या समितीचे अध्यक्ष होते आपल्या नांदेडचे शंकरराव चव्हाण. काँग्रेसमध्ये हयात घालवलेला हा नेता ‘भगवा’ होता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

तरीही या शिफारशींना अनुसरून २००० सालचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा आला, तेव्हा ‘भगवेकरणा’चा गजर झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ सप्टेंबर २००२ रोजी अरुणा रॉय खटल्यात न्यायालयाने ही याचिका फेटाळली. धर्मांविषयीचे मूल्याधिष्ठित शिक्षण अनुच्छेद २८ चा भंग करत नाही, असा निर्वाळा दिला. न्या. धर्माधिकारी यांनी स्वतंत्र निकालपत्रात धर्मोपदेश आणि धर्माध्ययन यांतील हाच भेद अधोरेखित केला. इतके होऊनही २००४ मध्ये केंद्रातील सरकार बदलले आणि २००५ मध्ये आराखडाही बदलला. न्यायालयात जो युक्तिवाद टिकला नाही, तो सत्तेच्या बळावर पुन्हा लादला गेला.

ज्या पाश्चात्त्य देशांच्या निधर्मीपणाचे गोडवे येथे गायले जातात, तेथील व्यवहार तरी पाहावा. इंग्लंडमध्ये शासकीय खर्चाने चालणाऱ्या शाळांत धर्म हा विषय शिकवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. पालकांना आपल्या पाल्याला वगळण्याची मुभा आहे. जर्मनीच्या मूलभूत कायद्याने शासकीय शाळांत धर्म हा नियमित विषय मानला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये शासकीय शाळांतील बायबल वाचनाचा विधी घटनाबाह्य ठरवला, पण त्याच निकालात धर्मांच्या तौलनिक आणि वस्तुनिष्ठ अभ्यासाला मोकळीक असल्याचे सांगितले. आणि धर्माला शाळेबाहेर ठेवण्यात सर्वांत कडवा असलेला फ्रान्स? तेथेही २००२ मध्ये रेजिस दब्रे यांच्या अहवालाने शाळांत धर्मविषयक वास्तवाचे शिक्षण वाढवावे अशी शिफारस केली. धर्माविषयी निरक्षर असलेली पिढी स्वतःचे साहित्य, चित्रकला, इतिहास यांपैकी काहीच समजू शकत नाही, हे त्यांना उमगले. आपल्याला केव्हा उमगणार?

या निरक्षरतेचे परिणाम आपल्या वर्गांतच दिसतात. मराठीच्या पाठ्यपुस्तकात ज्ञानदेव, तुकोबा आहेत. पण अभंगातला अलंकार ओळखा, समानार्थी शब्द लिहा, कवितेचा आशय चार ओळींत सांगा, यापुढे आपण जात नाही. विठ्ठल कोण, अद्वैत म्हणजे काय, अठरापगड जातींचे संत एकाच वाळवंटात का जमले, या प्रश्नांपाशी शिक्षक अडखळतो. शरीर शिकवले आणि प्राण वगळला, असा हा प्रकार आहे. अशा मुलाला पुढे धर्म भेटतो तो दूरचित्रवाणीवरील बाबा-बुवांकडून, भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अर्धवट संदेशांतून, किंवा त्याची टिंगल करणाऱ्यांकडून. पोकळी कधी रिकामी राहत नाही. तिथे जाणतेपणाने काही भरले नाही, तर कचरा भरतो.

आक्षेप घेतला जातो की, इतक्या धर्मांच्या देशात कोणता धर्म शिकवणार? उत्तर सोपे आहे: सर्वच. या भूमीत जन्मलेल्या हिंदू, बौद्ध, जैन, शीख परंपरा शिकवाव्यात आणि बाहेरून येऊन येथे नांदलेले पारशी, यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम हेही शिकवावेत. फादर स्टीफन्स यांचे १६१६ मध्ये छापले गेलेले ‘क्रिस्तपुराण’ मराठीत का रचले गेले आणि श्रीगोंद्याचे शेख महंमद संतमालिकेत कसे विराजमान झाले, हे मराठी मुलाला ठाऊक नसावे काय? दुसरा आक्षेप असा की, मग अस्पृश्यतेचे काय करणार? तीही शिकवावी, जशी घडली तशी. आणि तिच्याविरुद्ध उभे राहिलेले संत व समाजसुधारकही शिकवावेत. ज्याला आपल्या परंपरेचा अभिमान आहे, त्याने तिच्यावरील डाग झाकण्याचे कारण नाही. आत्मपरीक्षण करू शकणारा समाजच टिकतो.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला आणि पंचतंत्र, जातक, हितोपदेश यांतील कथांना स्थान दिले, ही समाधानाची बाब आहे. पण कागदावरचे धोरण वर्गात पोहोचते ते शिक्षकाच्या पायांनी. या विषयाची तयारी करून घेणारा अभ्यासक्रम अध्यापक महाविद्यालयांत नसेल, तर सारे चार श्लोकांच्या घोकंपट्टीवर येऊन थांबेल. पाठांतराचे मोल आहेच, पण पाठांतर म्हणजे अध्ययन नव्हे.

आणि थोडे आपल्यांविषयी. शासनाची मान्यता वा अनुदान असलेल्या खासगी शाळांत, पालकांच्या संमतीने, धार्मिक शिक्षण देण्याची वाट याच अनुच्छेद २८ ने मोकळी ठेवली आहे. ती केवळ अल्पसंख्याकांसाठी नाही, सर्वांसाठी आहे. ख्रिस्ती मिशनरी संस्थांनी ही वाट ओळखली. हिंदू समाजाने उभारलेल्या शेकडो शिक्षणसंस्थांपैकी किती संस्थांनी तिचा विचार केला? किती घरांत संध्याकाळी शुभंकरोती होते? शासनाला जाब विचारणे हा आपला हक्क आहेच. पण जे आपल्या हाती आहे ते न करता शासनाकडे बोट दाखवणे कार्यकर्त्याला शोभत नाही.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. कोणावरही श्रद्धा लादू नका, पण कोणालाही अज्ञानात ठेवू नका. जो स्वतःचा धर्म जाणतो तोच दुसऱ्याच्या धर्माचा आदर डोळसपणे करू शकतो. सर्वधर्मसमभाव हा शब्द उच्चारायचा असेल, तर आधी ते धर्म ठाऊक तरी असायला हवेत!