खड्डा बुजतो, पण किती दिवस?

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये, पण ‘पॅचवर्क’चा खरा अर्थ कळला तो आमच्या केनवडकडच्या रस्त्यांवर! खड्ड्यात मुरूम टाकायचा, वरून डांबर शिंपडायचं, बिल काढायचं. पहिल्याच पावसात सगळं वाहून जातं.

पुस्तकातली पद्धत तर साधी आहे. खड्डा चौकोनी कापा, धूळ-पाणी काढा, टॅक कोट मारा, गरम मिश्रण भरून रोलर फिरवा. यात न जमण्यासारखं काय आहे?

पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७६ साली रेकॉन्डो कंपनीने १० वर्षांची हमी देऊन बांधला आणि तो कित्येक दशकं टिकला. नंतरची दुरुस्ती स्वतःच्या खिशातून करायची म्हटलं की काम आधीच नीट होतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास ६ लाखांची भरपाई ठरवली, तीही दोषी अधिकारी-ठेकेदारांकडून वसूल करायची. चांगलंच झालं. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते, हमी त्याआधी हवी. पॅचवर्कच्या प्रत्येक कामावर ठेकेदाराचं नाव नि हमीची तारीख फलकावर लागलीच पाहिजे.

आणि सिव्हिलवाल्यांनो, उद्या त्या बिलावर सही तुमचीच असेल. सही करण्याआधी एकदा खड्ड्यापाशी जाऊन या!