अंगण खरोखरच वाकडे असेल तर?

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आम्हां शिक्षकांस फार प्रिय आहे. विद्यार्थ्याने सबब सांगण्यास तोंड उघडावे आणि आम्ही ही म्हण पुढे करून त्याचे तोंड बंद करावे, असा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. परंतु क्वचित् प्रसंगी अंगण खरोखरच वाकडे असते, आणि ते न पाहताच आम्ही नाचणाऱ्यास दोष देऊन मोकळे होतो, ही गोष्ट आमच्या ध्यानी फार उशिरा आली. ती कशी आली हे सांगून, घरातील वायफायविषयी चार उपयुक्त गोष्टी आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवाव्या, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सन २०२१ मधील गोष्ट. महामारीमुळे शाळेचे दरवाजे बंद होते व वर्ग पडद्यावर भरत असत. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. तोंडी परीक्षेत त्यास प्रश्न विचारावा, तो त्याचे ओठ हलताना दिसावे, आवाज तुटावा, चित्र गोठावे, आणि दोन मिनिटांनी तो पुन्हा प्रकट होऊन म्हणावा, "सर, नेट गेलं होतं." एकदा नव्हे, पाच वेळा असे झाले. सहाव्या वेळी आम्ही ती म्हण सर्व वर्गासमक्ष उच्चारली व त्याच्या नावापुढे 'टाळाटाळ करितो' असा शेरा लिहिला. मुलाने प्रत्युत्तर केले नाही. कदाचित केलेही असेल, परंतु ते आमच्यापर्यंत पोहोचले नाही.

पुढे शाळा सुरू झाल्यावर काही कामानिमित्त त्याच्या घरी जाण्याचा योग आला. घर जुने, दगडी, एकामागे एक अशा तीन खोल्यांचे. बाहेरच्या खोलीत दूरदर्शनच्या पेटीखालच्या कप्प्यात राउटर ठेविलेला. त्यावर धूळ बसू नये म्हणून विणकामाचे सुंदर आच्छादन, आणि लगतच लोखंडी कपाट. मुलाची अभ्यासाची जागा सर्वांत मागच्या खोलीत, दोन जाड भिंतींच्या पलीकडे. वडील म्हणाले, "सर, कंपनीला तीनदा पैसे वाढवून दिले, तरी रड आहे ती आहेच." तोच आजीबाई आतून म्हणाल्या, "पोरगं आत बसून नुसतं ओरडायचं. आम्हाला वाटायचं, तुमच्या वर्गात सगळेच असं ओरडून बोलतात." हे ऐकून आम्हांस हसू आले नाही.

वाचकहो, वायफाय म्हणजे काही जादू नव्हे. त्या विद्युच्चुंबकीय लहरी होत. सन १८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्यास अशाच अदृश्य लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेविलेली घंटा वाजवून दाखविली होती. भिंतींतून लहरी जातात हे खरे. परंतु त्या जशाच्या तशा जात नाहीत. प्रत्येक भिंत आपला कर वसूल करूनच त्यांस पुढे सोडते. लाकडी दरवाजा थोडा कर घेतो, विटांची भिंत त्याहून अधिक, जाड दगडी भिंत बराच. आणि हल्लीच्या उंच इमारतींतील सळयांच्या काँक्रीटची भिंत तर कित्येकदा बहुतेक सर्व शक्ती हिरावून घेते. धातूचे कपाट व मोठा आरसा त्यांस परतवून लावितात. पाणी त्यांस शोषून घेते, म्हणून पिण्याच्या पाण्याचे पिंप किंवा माशांची काचपेटी राउटरच्या वाटेत असू नये. शिवाय मोकळ्या जागेतही अंतर दुप्पट झाले की शक्ती चतुर्थांश उरते.

राउटरच्या लहरी सामान्यतः दोन पट्ट्यांत असतात. एक २.४ गिगाहर्ट्झचा, ज्यातील लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर. दुसरा ५ गिगाहर्ट्झचा, ज्यातील लहर सुमारे निम्म्या लांबीची. पहिला सावकाश चालणारा, पण भिंतींस पुरून उरणारा. दुसरा चपळ, पण भिंत आली की लवकर थकणारा. म्हणून राउटरच्याच खोलीत ५ चा पट्टा घ्यावा व दूरच्या खोलीत २.४ चा वापरून पाहावा. मात्र दाट वस्तीच्या इमारतीत २.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी फार. त्यात परस्परांवर आक्रमण न करणाऱ्या वाटा तीनच, क्रमांक १, ६ व ११. अन्न गरम करण्याची मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याजवळ काम करिते. ती सुरू होताच मुलाचा वर्ग तुटत असेल, तर त्यात नवल नाही.

आता उपायाकडे वळू. आमचे पहिले सांगणे असे की, आधी मोजा, मग पैसे खर्च करा. बहुतेक घरांत याच्या उलट घडते. नेट चालेना की अधिक वेगाची योजना घ्यावयाची, हा 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' असा प्रकार होय. एका मुलाच्या पडद्यावरील वर्गास सेकंदाला ३-४ मेगाबिट वेग पुरतो. घराच्या दारापर्यंत १०० येत असून मागच्या खोलीत २ देखील पोहोचत नसतील, तर दाराशी २०० आणून काय उपयोग?

म्हणून प्रथम संगणक तारेने राउटरास जोडून वेग पाहावा. तेथेच वेग कमी भरला, तर दोष बहुधा बाहेरचा. मग कंपनीकडे तक्रार करावी, आणि ती दिवस व वेळ लिहून ठेवून करावी, म्हणजे उडवाउडवीस जागा राहात नाही. तारेवर वेग पुरा मिळाला, तर दोष घरातला. मग मोबाईलवरील लहरींची शक्ती दाखविणारे एखादे साधन घेऊन प्रत्येक खोलीत उभे राहावे. हा आकडा ऋण असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६५ च्या आसपास काम निभते, उणे ८० म्हणजे जवळजवळ काही नाही. उणे ५० व उणे ८० यांत फरक तिसाचा दिसतो. वस्तुतः शक्ती हजारपट घटलेली असते! त्या दगडी घरात आम्ही मुलासह असेच मोजले. बाहेरच्या खोलीत उणे ४५, त्याच्या बैठकीपाशी उणे ८२. शाळेच्या वहीत आम्ही ज्यास टाळाटाळ म्हटले होते, तिचे खरे माप ते होते.

दुसरे सांगणे, राउटर लपवू नका. तो घराच्या शक्य तितक्या मध्यावर, छातीच्या उंचीवर किंवा त्याहून वर, उघड्यावर ठेवावा. आच्छादनाने तो तापतो व तापला की अडखळतो. काचतंतूची केबल हलविताना मात्र स्वतः ओढाताण करू नये, तीव्र वळणाने ती निकामी होते. ते काम कारागिराकडूनच करवून घ्यावे. त्या घरी राउटर मधल्या खोलीतील फडताळावर नेल्यावर मागच्या खोलीतील आकडा उणे ६४ वर आला. खर्च झाला तो थोड्या केबलचा व कारागिराच्या मजुरीचा.

एवढ्याने न भागल्यास तिसरा उपाय, दुसरी पेटी. येथे एक चूक सर्रास होते. लहरी पुढे पोहोचविणारी पेटी लोक नेमकी त्याच खोलीत लावितात, जेथे लहर पोहोचतच नाही. जो निरोप जासुदाने स्वतःच नीट ऐकला नाही, तो तो पुढे काय सांगणार? ती पेटी निम्म्या वाटेवर असावी. शिवाय एकाच पट्ट्यावर ऐकणे व सांगणे करणाऱ्या पेटीचा वेग सुमारे निम्मा होतो. सर्वांत विश्वासाचा मार्ग जुनाच आहे, तो म्हणजे तार. साधी नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण वेग नेते. ती मागच्या खोलीपर्यंत नेऊन तेथे दुसरी पेटी जोडली, की भिंतींचा प्रश्नच मिटतो. आणि वीज जाताच वर्ग बुडू नये म्हणून राउटरास पुरेल अशी लहानशी बॅटरी जोडून ठेवावी.

काही पालक आम्हांस म्हणतात, "मुलाच्या खोलीत नेट कमी आहे ते बरेच आहे, तेवढाच खेळाला आळा बसतो." हे मत आम्हांस सर्वस्वी चुकीचे वाटते. चित्रपटाचा पुढचा भाग यंत्र आगाऊ साठवून ठेवते, म्हणून लहर मधूनमधून तुटली तरी करमणूक चालूच राहते. शिक्षकाशी चाललेले प्रश्नोत्तर आगाऊ साठविता येत नाही. लहर तुटली की ते तुटते. म्हणजे दुबळे नेट अडविते ते अभ्यासास. शिस्त लावावयाची तर ती घड्याळाने व वडिलधाऱ्यांच्या नजरेने लावावी. भिंतीवर ते काम सोपवू नये.

घरातील राउटर कोठे आहे यावरून त्या घरात कोणाची सोय प्रथम पाहिली जाते, हेही कळून येते. तो बहुधा दिवाणखान्यात असतो, कारण तार दाराशी येते व करमणुकीची पेटी तेथे असते. अभ्यास करणारी मुलगी, मागे पडून असलेली आजी यांच्या वाट्यास उरलेसुरले येते. आमचे मत असे की, घरात सर्वांत दूर बसणारास काय पोहोचते, यावरून त्याची जागा ठरवावी.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येकांच्या घरी राउटरच नाही. दोन-तीन भावंडांत एकच मोबाईल आहे. त्यांस वरील उपाय काय कामाचे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर पालकांपेक्षा आम्हां शिक्षकांकडे अधिक आहे. वहीत शेरा लिहिण्यापूर्वी, "तू कोठे बसतोस? कशावर पाहतोस?" हे दोन प्रश्न विचारण्यास कितीसा वेळ लागतो? ते न विचारता दिलेली शिक्षा म्हणजे चोर सोडून संन्याशास फाशी होय.

त्या मुलापुढे आम्ही आमची चूक कबूल केली. ज्या वर्गासमक्ष त्यास बोललो होतो, त्याच वर्गासमक्ष केली. शेरा खोडला, पण खोडलेला शेराही वाचता येतो, ही खंत राहिली आहे. येत्या सुटीत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घराचा किंवा शेजाऱ्याच्या घराचा नकाशा काढून खोलीखोलीतील आकडा त्यावर लिहावा व तो वडिलांस दाखवावा. पदार्थविज्ञानाचा तो उत्तम पाठ होईल. शाळा उघडल्यावर तो नकाशा आम्हांसही आणून दाखवावा. अंगण पाहण्याची सवय आम्हांसच अधिक लागावयास हवी.