पितळेचे उसने वय

जुनाट दिसणाऱ्या पितळी वस्तूंची हौस अलीकडे फार वाढली आहे. कोल्हापुरात महाद्वार रोडवरून नवी समई आणायची आणि मीठ, व्हिनेगर किंवा अमोनिया वापरून चार दिवसांत ती पणजीच्या काळची करून टाकायची, असा उद्योग हौशी मंडळी करतात. विद्यार्थ्यांनी त्यात पडूच नये, असे मी म्हणणार नाही. रसायनशास्त्राचा इतका रंगीत धडा पुस्तकात मिळायचा नाही. माझी तक्रार आहे ती साहित्याबद्दल.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. हवा, ओलावा आणि गंधकाची संयुगे यांच्याशी तांब्याची सावकाश क्रिया होऊन त्यावर तपकिरी, काळपट, कधी हिरवट थर चढतो. घरगुती कृतींत हीच क्रिया घाईने घडवतात. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे तुमच्या आजीला ठाऊक असते. आंबटात तांबे विरघळते. व्हिनेगरने आणलेला हिरवा रंग त्याच जातीचा, म्हणजे विषारी. खाण्यापिण्याच्या भांड्यांवर तो मुळीच नको. मिठातील क्लोराइड तर ओलाव्यात आपले काम चालूच ठेवते. संग्रहालयांतील कांस्यवस्तू फिकट हिरवी भुकटी होऊन पोखरल्या जातात, त्याचे कारण क्लोराइडच.

अमोनियाची गोष्ट आणखी निराळी. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे पावसाळ्यात, कोणी हात न लावता, तडकत. ती तबेल्यांत साठवलेली असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण या तिघांनी मिळून ते घडवले होते. याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. ठोकून किंवा दाबून घडवलेल्या समईतही असा ताण असू शकतो. शिवाय अमोनियाची वाफ डोळ्यांना घातक, ते वेगळेच.

त्यापेक्षा एक कडक उकडलेले अंडे कुस्करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पितळेची नवी, स्वच्छ घासलेली पट्टी त्याला न चिकटता शेजारी ठेवा. अंड्यातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडने ती हळूहळू तपकिरी होऊ लागेल. (घरी अंडे चालत नसेल तर शाळेत करा.) न आवडल्यास चिंचेने घासून परत पिवळी करता येते.

पट्टी नवी म्हणालो, ते मुद्दाम. टाऊन हॉल संग्रहालयात समुद्रदेव पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ती सापडली. १९४५-४६ मध्ये तेथे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनी उत्खननही केले. सातवाहनकाळी रोमशी चाललेल्या व्यापाराची ती साक्षीदार. ती कोणी चिंचेने लख्ख केली असती, तर जमिनीत काढलेल्या शतकांची खूण पुसली गेली असती. तुमच्या घरातले जुने नाणे किंवा देव्हाऱ्यातली जुनी घंटा घासण्यापूर्वी शिक्षकांना विचारा. आणि जी नवी वस्तू जुनी कराल, तिच्या तळाशी खिळ्याने खरे साल कोरून ठेवा.